बंड्याने घरी राहावे, मैनेने बर्फ पाहावा

प्रश्न : आम्ही नाशिकला गंगापूर रोडवर राहतो. घरात मी, माझे पती, आठवीतला मुलगा, सासूबाई आणि दोन कुत्री. बंड्या हा लॅब्रॅडॉर, वय १० वर्षे, वजन ३६ किलो. त्याच्या मागच्या पायांत संधिवात असल्याचे डॉक्टरांनी वर्षभरापूर्वी सांगितले. मैना ही देशी कुत्री, वय ३ वर्षे, वजन १६ किलो. ती पिल्लू असताना आम्हाला सोमेश्वरजवळ रस्त्यावर सापडली. नाताळच्या सुट्टीत मनालीला जावे आणि या दोघांनाही बर्फ दाखवावा, असा मुलाचा हट्ट आहे. पतींनी आपल्याच गाडीने सहा दिवसांत जाऊन येण्याचे ठरवले होते. आता ते म्हणतात, दोघांना बोर्डिंगमध्ये ठेवू. सासूबाई म्हणतात, ‘एकाला सांभाळीन, दोघांना नाही.’ मुलगा दोन दिवस आमच्याशी नीट बोललेला नाही. कुत्र्यांना बर्फ सोसतो का? त्यांना न्यावे की ठेवावे?
— एक वाचक, नाशिक

ताई, तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य सासूबाईंचे आहे. ‘एकाला सांभाळीन, दोघांना नाही’ असे म्हणताना त्यांच्या मनात कदाचित स्वतःच्या वयाचाच विचार असेल. पण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या वाक्यात आलेले आहे. कुत्र्यांना न्यावे की ठेवावे, असा प्रश्न विचारला की उत्तर सापडत नाही, कारण बंड्या आणि मैना एका घरात वाढले असले तरी त्यांचे वय, अंगावरचे केस, सांधे आणि स्वभाव यांत काहीच सारखे नाही. माझे मत स्पष्टच सांगतो. बंड्याला नेऊ नका. मैनेला अवश्य न्या, पण ठरला आहे तो बेत बदलून : नाताळात नको, सहा दिवसांत नको आणि मुक्काम मनालीच्या गर्दीत नको. याची कारणे सविस्तर लिहितो, म्हणजे पती आणि मुलगा या दोघांपुढेही तुम्हाला ती ठेवता येतील. मी पशुवैद्य नाही. गेली ३० वर्षे घरात कुत्री आहेत आणि त्यांच्याबरोबर थंडीच्या दिवसांत डोंगरात काही वेळा राहिलो आहे, एवढाच माझा अधिकार. औषधाचा प्रश्न येईल तिथे तुमच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा माना.

आधी बंड्याविषयी. लॅब्रॅडॉरला थंडी सोसते, असे तुमचा मुलगा म्हणत असेल तर तो चुकीचे बोलत नाही. या जातीचे मूळ कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरच्या, कोळ्यांबरोबर गार पाण्यात उतरणाऱ्या कुत्र्यांत आहे आणि तिच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वरचा राठ आणि आतला लोकरीसारखा दाट. परंतु आतला थर दाट होतो तो हवा हळूहळू गार होत जाते आणि दिवस लहान होत जातात तेव्हा, काही आठवड्यांत. नाशिकमध्ये दहा उन्हाळे काढलेल्या कुत्र्याला चार दिवसांत तो येत नाही. तरीही केवळ थंडीचा प्रश्न असता तर मी त्याला जाड जॅकेट घालून न्या म्हटले असते. अडचण त्याच्या मागच्या पायांची आहे. थंडीने दुखरे सांधे आखडतात, हे तुमच्या सासूबाईही सांगतील. त्यात गाडीत तासन्‌तास आखडून बसणे, उतरल्यावर घोटाभर बर्फातून पाय उपसत चालणे आणि संध्याकाळी गोठून काचेसारख्या झालेल्या पायऱ्या चढणे, हे सगळे त्याच पायांवर येणार. निसरड्यावर मागचे पाय फाकले की गुडघ्याचा अस्थिबंध (लिगामेंट) तुटू शकतो आणि मग ३६ किलोचे कुत्रे उतारावरून उचलून आणायला दोन धडधाकट माणसे लागतात. तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, पण तो सकाळी उठताना पुढच्या पायांवर जोर देऊन मागचा भाग ओढून घेत असेल, तर एवढे एक लक्षणही त्याला घरी ठेवण्यास पुरेसे आहे.

आपण सगळे मजा करायला गेलो आणि म्हाताऱ्याला मागे ठेवले, ही टोचणी तुम्हाला लागेल. ती लागावी, यात गैर काही नाही. मात्र बर्फ पाहायचा राहून गेला, याचे दुःख बंड्याला होणार नाही. त्याला दुःख होईल ते घर, वेळ आणि माणसे बदलल्याचे. म्हणून त्याच्यासाठी बोर्डिंग हा पर्याय मला पटत नाही. चांगली बोर्डिंग नाशिकमध्येही आहेत आणि तरुण, मिसळणाऱ्या कुत्र्याचे तिथे आठवडाभर बरे चालते. पण दहा वर्षांच्या, संधिवात असलेल्या कुत्र्याला गार फरशी, अनोळखी भुंकणे आणि ठरावीक वेळेलाच बाहेर सोडणे हे जड जाते. तो आपल्या कोपऱ्यात, सासूबाईंच्या पायाशी राहिला पाहिजे, आणि सासूबाईंना त्याचा भार वाटणार नाही, ही व्यवस्था तुम्ही करून जायची आहे. सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवायला शेजारच्या एखाद्या महाविद्यालयीन मुलाला ठरवा आणि निघण्याआधी आठवडाभर त्याच मुलाबरोबर बंड्याला जाऊ द्या. घरात टाइल्स असतील तर तो उठतो-बसतो त्या वाटेवर गोणपाट किंवा रबरी पायपुसणी अंथरा. अंथरूण जमिनीपासून वर, लाकडी फळीवर ठेवा, कारण जानेवारीत नाशिकची फरशीही हाड गोठवते. मुलाने दोन दिवस घातलेला, न धुतलेला टी-शर्ट त्या अंथरुणावर राहू द्या. डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर चिकटवा आणि सासूबाईंना एक गोष्ट निक्षून सांगा : तो लंगडला म्हणून आपल्या डब्यातली वेदनाशामक गोळी त्याला द्यायची नाही. माणसांना चालणाऱ्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना गंभीर इजा होते, आणि असे अपघात बहुतेक वेळा मायेपोटीच घडतात.

आता मैना. देशी कुत्र्याला सगळे चालते, असा आपल्याकडे समज आहे. ती काटक असतात, पोटाची पक्की असतात, त्यांचे नाक-कान तल्लख असतात, हे खरे; पण आपल्या दख्खनच्या हवेत घडलेले हे शरीर बर्फासाठी घडलेले नाही. तिचे केस आखूड आहेत, आतला लोकरी थर जवळजवळ नाही, पोटाकडचा भाग उघडा आहे आणि अंगावर चरबी बेताचीच आहे. तरुण, निरोगी आणि हलकी असल्यामुळे नीट बंदोबस्त केला तर ती बर्फात मनसोक्त बागडेल. बंदोबस्त नसेल तर अर्ध्या तासात तिचे हाल होतील.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी हिमाचलात मी माझ्या डॉबरमन कुत्रीला एका पातळ सुती स्वेटरवर बर्फात सोडले. ती वेड्यासारखी धावली, लोळली, बर्फ खाल्ला. थोड्या वेळाने ती कापू लागली, आणि आणखी थोड्या वेळाने कापायची थांबली. तिला आता थंडी सवयीची झाली, असे समजून मी आणखी काही वेळ तिथेच थांबलो. ती माझ्या हातून घडलेली गंभीर चूक होती. कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारणपणे ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते खाली जाऊ लागले की शरीर आधी कापून ऊब निर्माण करते, आणि ती ताकद संपली की कापणे थांबते. कुत्रे अजून गारठ्यातच उभे असताना त्याचे कापणे थांबले, तर ते सुधारण्याचे नव्हे, बिघडण्याचे लक्षण आहे. ती सुस्त झाली, पाय अडखळू लागले, हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या, तेव्हा एका गावकरी बाईने तिला घरात घेतले, ओला स्वेटर काढून फेकला, कोरड्या पोत्याने अंग टिपले आणि गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून तिच्या पोटाशी ठेवल्या. त्या बाईने तिला चुलीच्या अगदी जवळ नेले नाही आणि तिचे पाय चोळलेही नाहीत. गारठलेल्या कातडीला एकदम आच लागली तर ती भाजते आणि चोळण्याने इजा वाढते, हे तिला माहीत होते. माझी कुत्री वाचली. तुम्हीही हाच क्रम लक्षात ठेवा : आडोसा, कोरडे करणे, घोंगडीत गुंडाळणे, कापडातली ऊब, आणि लगेच डॉक्टरांना फोन.

म्हणून मैनेच्या कपड्यांविषयी थोडे अधिक लिहितो. सुती कापड भिजले की ऊब देण्याऐवजी ती काढून घेते. लोकर भिजली तरी बरीचशी ऊब टिकवते, आणि ती आपल्याला परकी नाही. धनगरी घोंगडी अजून मिळते. घोंगडीचा एक तुकडा घेऊन शिंप्याकडून मैनेच्या मापाचे, मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत आणि मुख्य म्हणजे छातीखालून व पोटाखालून बंद होणारे अंगरखे शिवून घ्या, आणि वरून पाणी न शिरणाऱ्या रेनकोटच्या कापडाचे आवरण द्या. असे दोन नग हवेत, म्हणजे एक वाळत असताना दुसरा अंगावर राहील. खोगीरासारखी फक्त पाठ झाकणारी जॅकेटे बाजारात दिसायला छान असतात, पण बर्फ लागतो तो पोटाला. पायांसाठी बूट मिळतात. ते घातल्यावर पहिले काही दिवस कुत्री पाय झटकत विचित्र चालते, म्हणून निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे घरात आणि नंतर गंगापूर धरणाच्या रस्त्यावर सकाळी फिरवताना तिला सवय लावा. तिने बूट मुळीच मानले नाहीत तर बोटांमधले केस कापा, पंजांना व्हॅसलीन लावा आणि दर दहा मिनिटांनी बोटांत अडकलेल्या बर्फाच्या गोळ्या हाताने काढा. त्या गोळ्या खड्यांसारख्या टोचतात आणि कुत्री मध्येच बसून पाय चाटू लागते. बाहेरून आल्यावर पंजे कोमट पाण्याने धुऊन बोटांमधली जागा कोरडी करा, कारण काही ठिकाणी बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पंजांना झोंबते, चाटले तर पोटालाही बाधते.

कुत्र्यासाठी या सहलीतला सर्वांत कठीण भाग बर्फाचा नाही, प्रवासाचा आहे. नाशिक ते मनाली हे अंतर रस्त्याने साधारण १८०० किलोमीटर आहे. सहा दिवसांत जाऊन यायचे म्हणजे जेमतेम एक दिवस हाती लागणार आणि बाकीचे दिवस मैना मागच्या सीटवर काढणार. त्यापेक्षा दिल्लीपर्यंत रेल्वेने जा. रेल्वेत कुत्र्याला प्रवाशांबरोबर नेता येते ते फक्त वातानुकूलित प्रथम वर्गात, आणि तेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या ताब्यात असेल तरच. टू-टियर, थ्री-टियर किंवा स्लीपरमध्ये परवानगी नाही. नाशिकरोडला थांबणाऱ्या पंजाब मेलला आणि मुंबईहून हजरत निजामुद्दीनला जाणाऱ्या राजधानीला हा वर्ग आहे; राजधानीने सायंकाळी बसले की दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्ली. तुम्ही तिघे आहात, ही इथली खरी मेख आहे, कारण कूपे अपुरा पडतो आणि केबिनमध्ये चौथ्या बर्थवर परका प्रवासी आला तर मैनेला तिथे ठेवता येत नाही. म्हणून चारही बर्थ घ्यावे लागतील, अथवा एखाद्या मावशीला किंवा काकांना बरोबर न्यावे लागेल. केबिन मिळेल की कूपे, हे आरक्षण तक्ता तयार होताना ठरते. त्याआधीच रेल्वेकडे कुत्रा बरोबर असल्याचा लेखी अर्ज द्या. लसीकरणाची वही आणि प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला घेऊन गाडीच्या पुरेशा आधी नाशिकरोडच्या पार्सल ऑफिसात मैनेची नोंद करा. रेबीजची लस प्रवासाच्या महिनाभर आधी झालेली असू द्या.

केबिन मिळाली नाही तर ब्रेक व्हॅनमधल्या, म्हणजे गार्डच्या डब्यातल्या, कुत्र्यांच्या पेटीचा पर्याय तुम्हाला सुचवला जाईल. तो घेऊ नका. जानेवारीत उत्तरेकडे धुके पडते, गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, आणि माणसांत वाढलेल्या कुत्रीला लोखंडी पेटीत एकटीने ती रात्र काढायला लावणे क्रूरपणाचे आहे. अशा वेळी एक तर बेत पुढे ढकला किंवा गाडीनेच जायचे असेल तर जाताना तीन आणि येताना तीन दिवस धरा. दर दोन-अडीच तासांनी थांबा, निघण्यापूर्वी तीन तास पोटभर जेवण देऊ नका, आणि उलटीचे औषध डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेवा. मनालीच्या वाटेवरच्या मंडी गावानंतरच्या वळणांवर माणसांनाही ते लागते. थांबल्यावर तिला एकटीला गाडीत बंद करून चहाला जाऊ नका. उन्हाळ्यात बंद गाडी भट्टी होते हे आपल्याला कळते, पण थंडीत तीच गाडी शीतकपाट होते, हे विसरायला होते.

काळाविषयी. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात मनालीचे रस्ते गाड्यांनी इतके तुंबतात की दहा किलोमीटरला अनेक तास जातात, आणि एवढे करून खालच्या उंचीवर बर्फ असेलच असे नाही. हिमाचलातला बर्फ पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावातांवर अवलंबून असतो आणि त्याचा भरवसा जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत अधिक असतो. मुलाची शाळा आड येईल, हे मी जाणतो. तरीही आठवीच्या वर्षात शाळेकडून पाच-सहा दिवसांची रजा मागून घेणे मला नाताळच्या गर्दीपेक्षा योग्य वाटते. फक्त २६ जानेवारीला जोडून येणारी सुट्टी टाळा, कारण तेव्हाही तीच गर्दी असते. दिल्लीहून पुढे दोन दिवसांत जा, मधली रात्र चंडीगडला काढा, आणि टॅक्सीवाल्याला कुत्री बरोबर आहे हे पैसे ठरवण्यापूर्वी सांगा.

मुक्काम मनालीत न करता खाली नग्गरला करावा, असे माझे मत आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, नग्गर सुमारे १८०० मीटरवर, मनाली २०५० आणि मनालीच्या वरचे बर्फाचे मैदान सोलांग २५०० मीटरच्या आसपास. उंचीचा त्रास कुत्र्यांनाही होतो. ती जेवत नाहीत, धापा टाकतात, ओकतात, पण डोके दुखते म्हणून सांगू शकत नाहीत. खाली राहून, एक-दोन रात्री विश्रांती घेऊन, हवा उघडी असेल त्या दिवशी वर बर्फात जायचे आणि ऊन असतानाच परत यायचे, हा क्रम तिला सर्वांत सोपा जाईल. सोलांगला बर्फावर चालणाऱ्या स्कूटर, घोडे आणि आरडाओरडा असतो. मैनेसारख्या रस्त्यावर जन्मलेल्या कुत्र्या अशा गोंगाटात एकदम बुजतात, म्हणून मुख्य मैदान सोडून कडेला थांबा. २०२० साली सुरू झालेल्या, ९ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये सिस्सूपर्यंत जाता येते आणि तिथे बर्फ भरपूर असतो, पण ती उंची ३१०० मीटरच्या आसपास आहे. एकदा तासाभरासाठी गेलात तर हरकत नाही, मुक्कामाला मुळीच नको. हॉटेलवाल्याने कुत्रे चालते म्हटले तरी ‘आमच्याच खोलीत राहील’ हे शब्द त्याच्याकडून लेखी घ्या. कुत्रे चालते याचा अर्थ अंगणात बांधले तर चालते, असा निघाल्याचा प्रसंग माझ्यावर रात्री आठ वाजता आलेला आहे.

बर्फातला पहिला दिवस लहान ठेवा. सकाळी दहा-अकरानंतर, रस्त्यावर रात्री गोठलेला बर्फ सुटल्यावर निघा. पहिल्यांदा दहा-पंधरा मिनिटेच मैनेला खेळू द्या, मग गाडीत घेऊन अंग कोरडे करा, कोमट पाणी पाजा, आणि ती स्वतः दाराकडे ओढ घेत असेल तरच पुन्हा सोडा. ती आळीपाळीने पाय उचलू लागली, शेपूट आत घेऊ लागली, तुमच्या पायांशी येऊन उभी राहिली, तर तो दिवस तिथेच संपवा. मुलाला हे आधीच सांगून ठेवा, कारण नेमक्या त्याच क्षणी त्याला आणखी एक फोटो हवा असेल. कानांची टोके, शेपटीचे टोक आणि पंजे या जागा सर्वांत आधी गारठतात. तिथली कातडी फिकी, कडक आणि बोटाला गार लागली तर मुक्कामी परता. बर्फ खाऊ देऊ नका, त्याने तहान भागत नाही आणि पोट बिघडते. जेवण नेहमीचेच, नाशिकहून नेलेले, फक्त थोडे वाढवून द्या.

दोरी कधीही सोडू नका. पाच मीटरची लांब दोरी घ्या, त्यात तिला हवे तेवढे बागडता येते. बर्फाने वासाच्या खुणा झाकल्या जातात आणि घाबरून पळालेल्या कुत्रीला परतीची वाट सापडत नाही. बर्फाखाली ओढा आहे की दगड, हेही तिला कळत नाही. गळपट्ट्यावर तुमचा आणि मुक्कामाच्या जागेचा, असे दोन्ही फोन नंबर असू द्या. डोंगरातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे घालतात, ते बिबट्यासाठी. नाशिककरांना बिबट्या समजावून सांगायला नको. उसाच्या शेताजवळ रात्री कुत्रे बांधू नये हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे, तोच नियम तिथे देवदारांच्या कडेला लागू आहे. दिवस मावळल्यावर मैनेला लघवीला न्यायचे तर दोघांनी, टॉर्च घेऊन, दाराजवळच न्या. तिथली केसाळ गावकुत्री आकाराने मोठी आणि आपल्या हद्दीविषयी कडक असतात, त्यांच्यापासून अंतर राखा. आणि जसे नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीत पक्ष्यांमध्ये आपण कुत्रे नेणार नाही, तसेच मनालीलगतच्या अभयारण्यातही नेऊ नका.

खोलीत ऊब करण्याच्या साधनाकडे विशेष लक्ष द्या. पेटती अंगीठी, म्हणजे आपली कोळशाची शेगडी, बंद खोलीत ठेवून झोपल्यामुळे उत्तरेत दर हिवाळ्यात माणसे दगावतात. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि जमिनीवर झोपलेली मैना तुम्हाला उठवू शकेल असे धरून चालू नका. धूर बाहेर नेणारी नळी असलेला तंदूर, म्हणजे लाकडांची बंद शेगडी, किंवा विजेचा हीटर चालेल, पण खिडकीची फट उघडी हवी. गाडीखाली सांडलेल्या कूलंटकडेही (इंजिन थंड ठेवणारा द्रव) तिला फिरकू देऊ नका. इथिलीन ग्लायकॉल असलेले कूलंट चवीला गोड असते आणि थोडेसे चाटल्यानेही कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होतात. प्रवासाच्या डब्याविषयी एक सूचना खास आपल्या जिल्ह्यासाठी : द्राक्षे, मनुका आणि कांदा ही नाशिकची ओळख, पण तिन्ही गोष्टी कुत्र्यांना विषारी आहेत. मनुका घातलेले सुक्या मेव्याचे लाडू आणि कांद्याची भजी तिच्या नाकाच्या टप्प्यात ठेवू नका, आणि मुलाच्या खिशातले चॉकलेटही तपासा.

पतींची बाजूही मला समजते. त्यांना सुट्टी हवी आहे आणि कुत्रे बरोबर असले की सुट्टीचा बराच वेळ त्याच्याभोवती जातो. म्हणून मैनेची जबाबदारी मुलावर टाका आणि ती आतापासून टाका. जो मुलगा पुढचे सहा आठवडे रोज पहाटे सहाला उठून, थंडीत, तिला बूट घालून फिरवून आणेल आणि आल्यावर तिचे पंजे पुसेल, त्याच्या भरवशावर तिला हिमाचलात नेता येईल. आठ दिवसांत त्याचा उत्साह ओसरला तर मैनेलाही इथेच ठेवा आणि सासूबाईंच्या मदतीला माणूस शोधा. हे बोलणे आजच त्याच्याशी करा, निघायच्या आदल्या दिवशी नव्हे. मैनेला नेले तरी तिथे बर्फ पडेलच असे नाही, हेही त्याला सांगा.

एक गोष्ट मात्र तिकिटे काढण्यापूर्वी व्हायला हवी. बंड्या आणि मैना आजवर एकमेकांपासून वेगळे राहिलेले नसावेत, असे पत्रावरून वाटते. येत्या शनिवारी-रविवारी तुम्ही तिघे मैनेला घेऊन एखाद्या नातेवाइकाकडे दोन रात्री राहायला जा आणि बंड्याला सासूबाई व त्या फिरवणाऱ्या मुलाच्या हवाली करा. दुसऱ्या रात्री तो नीट जेवला का, दाराशी बसून राहिला का, सासूबाई किती दमल्या, आणि इकडे मैना झोपली का, हे सगळे लिहून ठेवा. त्याच आठवड्यात बंड्याचे सांधे आणि हृदय डॉक्टरांकडून तपासून घ्या. मग मला पुन्हा लिहा. बंड्या कसा राहिला ते आधी, बाकीचे नंतर.